कालव्याखालून जाणारे रूळ

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कची गाडी सुटली तेव्हा मी खिडकीशी वही-पेन्सिल घेऊन तयार बसलो होतो. फलाट संपल्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत रुळांचं जे जाळं लागतं, त्यातले सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, मोजायचे होते. चार मोजले, पाचव्यावर डबा डावीकडे हिसकला आणि लगेच अंधार झाला. बोगदा इतक्या जवळ आहे!

या स्टेशनचं मॉडेल मला १:७६ मापात करायचं आहे, १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर. इमारतीचा प्रश्न नाही. लुइस क्युबिटने १८५२ साली उभी केलेली ती दोन कमानींची दर्शनी भिंत आणि मधला घड्याळाचा मनोरा यांचे फोटो ढिगाने मिळतात. अडतं ते फलाटांच्या टोकाला. इंग्रज हौशी मंडळी त्या भागाला स्टेशनचा घसा म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. सगळे फलाट तिथे आवळत आवळत मोजक्या रुळांवर येतात. तिथला एक सांधा चुकला, तर मॉडेलमधली गाडी आत येते पण बाहेर पडू शकत नाही.

आदल्या दिवशी मी मुद्दाम स्टेशनामागे चालत गेलो होतो. तिथे रीजेंट्स कालवा आहे, १८२० पासूनचा, म्हणजे रेल्वेच्याही आधीचा. काठावर उभं राहिलं की पाणी संथ असतं आणि गाड्या त्याच्या खालून जात असतात. घसा एवढा आखूड का, ते तिथे उमगलं. किंग्ज क्रॉस बांधणाऱ्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीने कालव्याखालून जायचं ठरवलं, म्हणून फलाट रस्त्याच्या पातळीला राहिले. पण फलाट संपतात न संपतात तोच गॅसवर्क्स बोगदा आणि त्यापुढे चढ. शेजारच्या सेंट पँक्रसला, १८६८ साली, मिडलंड कंपनीने कालव्यावरून पूल टाकला. तिथले फलाट त्यामुळे खांबांवर उंच चढले आणि खालच्या जागेत बिअरची पिंपं साठवली जाऊ लागली. एकाच कालव्याने शेजारशेजारच्या दोन स्टेशनांना दोन वेगळे आराखडे दिले. हे कळल्यावर मी बराच वेळ तिथून हललोच नाही.

यॉर्कला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. अभिलेखागारात वेळ आधी ठरवून घेतली होती. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. टेबलापलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या सालचं स्टेशन हवंय तुम्हाला?"

प्रश्न बिनतोड होता. १९७७ च्या फेररचनेत बोगद्याची पूर्वेकडची नळी बंद झाली, सहाचे चार रूळ उरले. २०२१ साली ती पुन्हा उघडली आणि सहा झाले. सालाशिवाय आराखड्याला अर्थच नाही. "१९३८," मी म्हणालो. त्याच साली 'मॅलार्ड' इंजिनाने ताशी १२६ मैलांचा वेग गाठला होता, आणि ते निळं इंजिन त्याच संग्रहालयात उभं आहे.

मग पाच तास कागदांत गेले. सिग्नल केबिनची आकृती सगळ्यात आधी मागवा, असं मी कुणालाही सांगेन. कोणता रूळ कोणाला मिळतो, डबल स्लिप (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथेच एकावरून दुसऱ्यावर जाऊ देणारा सांधा) कुठे, कोणत्या फलाटावरून थेट बाहेर पडता येतं, हे तिच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. पण ती मापात नसते. वळणं सरळ केलेली, अंतरं हवी तशी ताणलेली. मापासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचे १८९० च्या दशकातले लंडनचे नकाशे घ्यावेत, मैलाला पाच फूट या प्रमाणातले, म्हणजे १:१०५६. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यात रूळन् रूळ काढलेला आहे. सुमारे चौदा पट मोठे केले की थेट फळीवर अंथरता येतात. रूळ पुढे बदलले, पण भिंती आणि बोगद्यांची तोंडं जागची हलली नाहीत. म्हणून नकाशावरून चौकट घ्यायची आणि जोडण्या आकृतीवरून.

जागेचा हिशेब मात्र टळत नाही. अडीचशे मीटरचा फलाट धरला तरी मॉडेलात तो सव्वातीन मीटर होतो, आणि घसा त्यापुढे. एवढी जागा नसेल त्यांनी मॉडेल रेल्वेचे आराखडे करणाऱ्या सिरिल फ्रीझर यांचा १९५७ सालचा 'मायनोरीज' आराखडा बघावा. तीन फलाट, दोन मुख्य रूळ, कोणतीही गाडी कोणत्याही फलाटावर, आणि डबे सांध्यांवरून जाताना बेढब हिसकतही नाहीत. छोट्या जागेत मोठ्या शहराचं टर्मिनस वाटावं, असं ते काम आहे. मी त्यातून सांध्यांचा क्रम उचलणार आहे.

परतीच्या गाडीला बोगद्यातच सिग्नल लागला. मांडीवर वहीतली आकृती होती, तिच्यावर आजचे रूळ मी लाल पेन्सिलीने काढत होतो. गाडी हलली, उजेड आला, चाकं खडखडली. या खेपेला नऊ सांधे मोजले आणि दहाव्यावर फलाट लागला.