विश्रामबागवाड्यात कोण राहायचं?

सोमवार, रात्र

प्रश्न एवढाच होता. विचारणारी चौथीतली. उत्तर आपोआप तोंडून गेलं, "दुसरे बाजीराव." तिनं वहीत लिहून घेतलं आणि तिचा विषय संपला. माझा संपत नाहीये.

उत्तर चूक नाही. पण हिशेब मांडला की बेचैन व्हायला होतं. पुण्यातला हा वाडा पुरा झाला १८०७ मध्ये. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि पेशव्यांचं पुणं सुटलं ते कायमचं, शेवट कानपूरजवळच्या बिठूरला. म्हणजे दहा वर्षं, जेमतेम. ६ ऑक्टोबर १८२१ ला तिथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली, दक्षिणा फंडाच्या, म्हणजे पेशवे विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या पैशातून. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, वैद्यक शिकायला पोरं याच चौकांतून ये-जा करत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशासाठी राबलेले थॉमस कँडी पुढं या पाठशाळेचे प्रमुख होते. १८६८ साली येरवड्याच्या इमारतीत गेलेलं डेक्कन कॉलेज इथलंच रोप. मग नगरपालिकेचं दफ्तर आलं, १९३० पासून जवळजवळ तीस वर्षं. पुढच्या अंगाला टपाल कचेरी आहेच.

एवढ्या माणसांनी एवढी वर्षं वापरलेली जागा, आणि मी एका नावावर भागवलं. भर म्हणजे समोरचा रस्ता थोरल्या बाजीरावांच्या नावाचा. त्यामुळे कितीतरी जणांना वाडाही त्यांचाच वाटतो. त्यांचा तो शनिवारवाडा.

मे १८७९ ची आग आठवली की आणखी वाईट वाटतं. बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागचाही काही भाग जळाला. बुधवारवाड्यात कोण कोण बसायचं, हे आता विचारतं तरी कोण? शनिवारवाडा तर १८२८ मध्येच जळला, उरला तट आणि जोती. वापरात राहिला म्हणून विश्रामबाग वाचला, असं म्हणावंसं वाटतं. पण बुधवारवाडाही वापरातच होता. तेव्हा हे समाधानही टिकत नाही.

एक मात्र खरं. लाकडी वाडा बंद ठेवला तर लवकर जातो. कौल सरकलं की पाणी आधी तुळईच्या टोकात, भिंतीत बसवलेल्या भागात मुरतं. वरून काही दिसत नाही. बोटानं दाबलं की भुसा. खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, उभा असतो तो बुंध्याला ओल लागू नये म्हणून. पुढं कुणी फरशीची पातळी वाढवून तळखडाच बुजवला की तिथूनच कुजायला लागतो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते, विटा पापुद्र्यांनी सुटतात. रोज पायाखाली राबणाऱ्या जागेत गळती निदान कुणाच्या डोक्यावर तरी पडते, बोंब होते, माणूस कौलावर चढतो.

सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, तुळईला आधार देणारे केळफुलांचे हस्त, वरचा मेघडंबरीचा सज्जा: हे सगळं बाजीरावांच्या हौसेचं, ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही. राहिले दहाच वर्षं, पण बांधून घेतलं त्यांनीच. हे मान्य केल्यावर मघापासूनची तगमग जरा खाली बसली.

तिच्या वहीत त्या उत्तराखाली दोन ओळी मोकळ्या आहेत. पाठशाळा आणि नगरपालिका, दोन्ही मावतील. टपाल कचेरी समासात लिहावी लागेल.