तुम्ही विचारलंत म्हणून: आई एकटी राहते, भीती नाही वाटत?

वाटते. आधी एवढं कबूल करून टाकते, कारण विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच उत्तरं तयार असतात: मुलीचं काळीज दगडाचं असणार, नाहीतर आई फार खमकी असणार. आई खमकी आहेच. वय 83, गुडघे कुरकुरतात, उजव्या कानाने कमी ऐकू येतं, पण घर तिचं ती चालवते.

सुरुवातीला मी बऱ्याच गोष्टी चुकीच्या केल्या. दोन दिवसांची सुट्टी काढून गेले आणि तिच्या घराचा दवाखाना करून आले. पायपुसणी गुंडाळली, स्टूल लपवलं, तिला न विचारता कपाटं लावली. बाथरूममध्ये भिंतीला चिकटणारी रबरी कपांची दांडी बसवली. तिसऱ्या दिवशी ती दांडी तिच्या हातात आली. नशीब, तेव्हा ती तिच्यावर फक्त पंचा टाकत होती. आता दोन दांड्या आहेत, भिंतीत भोक पाडून स्क्रूने पक्क्या केलेल्या: एक कमोडशेजारी, एक नळाजवळ. टॉवेल टांगायच्या दांडीवरही भरवसा ठेवू नका. घसरणाऱ्या माणसाचा हात नेमका तिच्याकडेच जातो आणि तिला माणसाचं वजन पेलत नाही.

पण खरी गोष्ट दांडीची नाही.

एकदा तिच्या कोपराजवळ मोठा जांभळा डाग दिसला. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. मीही सोडून दिलं. चार महिन्यांनी दुसऱ्याच कशावरून तरी बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं की त्या रात्री ती बाथरूमला जायला उठली, पडली आणि पाऊण तास जमिनीवर होती. फोन दुसऱ्या खोलीत. मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मला उचलून घेऊन गेली असतीस."

खरं होतं. नेलंच असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे 65 वर्षांवरच्या माणसांपैकी 28 ते 35 टक्के माणसं दर वर्षी पडतात. म्हणजे साधारण तिघांतलं एक. मग आई पडली यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते मला न कळण्याचं. का पडली हेच कळलं नाही, तर पुढची वेळ तशीच येणार.

म्हणून आम्ही करार केला, भावाला समोर बसवून: पडलीस तर सांगायचं, आणि सांगितलंस म्हणून तुझं घर सुटणार नाही. भावाला हे पटायला वेळ लागला. त्याच्या मते मी आईला जुगार खेळायला परवानगी देत होते. थोडीफार देत होतेच.

करारानंतर आठवडाभरात तिने आपणहून सांगितलं की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कितीतरी दिवसांपासून. डॉक्टरांनी रक्तदाब आधी झोपवून मोजला, मग उभं करून. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट असते. आईचा 26 ने उतरला. रक्तदाबाची गोळी आणि झोपेची गोळी, दोन्ही ती रात्री एकदमच घेत होती. डॉक्टरांनी एकीची वेळ बदलली, दुसरी हळूहळू कमी करत बंद केली. (हे स्वतःच्या मनाने करू नका, झोपेच्या काही गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं.) आता ती पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसते, पाय हलवते, मग उठते. पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचाल झाली की आपोआप लागणारे छोटे दिवे आहेत. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. आपल्याला पुरेसा वाटणारा दिवा त्यांना मिणमिणता असतो, हे मला फार उशिरा समजलं.

मग फिजिओथेरपिस्टकडून आम्ही पडल्यावर उठायला शिकलो. 83 व्या वर्षी आई सतरंजीवर आडवी, शेजारी मी. कुशीवर वळायचं, ओणवं व्हायचं, रांगत जड खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात बैठकीवर, दणकट पाय पुढे, जोर लावून उठायचं आणि वळून बसायचं. पहिल्या दिवशी आम्ही दोघी हसून हसून तशाच पडून राहिलो. कंबरेत किंवा खुब्यात जोराची कळ असेल तर मात्र उठायचा प्रयत्न करायचा नाही, हाक मारायची. त्यासाठी फोन गळ्यातल्या पिशवीत. ती पिशवी तिने स्वतः शिवली, म्हणूनच ती वापरते. मी आणलेली तशीच पडून आहे.

कॅमेरा तिने साफ नाकारला. मी हट्ट धरला नाही, मलाही कुणी दिवसभर पाहत बसलेलं आवडलं नसतं. त्याऐवजी सकाळी नऊच्या आत तिचा एक निरोप येतो. नाही आला तर मी फोन करते. उचलला नाही तर शेजारच्या ताई त्यांच्याकडच्या किल्लीने आत जातात. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं कुलूप लावलंय. भांडी, कपडे, बँकेचे व्यवहार सगळं तिच्याकडेच. फक्त स्टुलावर चढायचं काम तिने सोडलं, तेही भांडून.

विसर वाढला असेल, गॅस चालू राहत असेल, रस्ता चुकत असेल, तर हा हिशोब चालणार नाही. तिथे वेगळा विचार करावा लागतो आणि तशी वेळ आमच्यावरही येऊ शकते, हे आम्ही दोघी बोललो आहोत.

गेल्या महिन्यात संध्याकाळी तिचा फोन आला. "आज पडले. लागलं नाही. खुर्ची धरून उठले. आता तू दहा प्रश्न विचारशील, तर आधी माझी मालिका संपू दे."