वोमेरोतला पियानो आणि गुबितोसीबाईंचं गाणं

मी नापोलीत, म्हणजे इटलीतल्या नेपल्समध्ये, पियानो ट्यूनिंगचं काम करते. गेल्या हिवाळ्यात वोमेरो टेकडीवरच्या एका घरातून बोलावणं आलं. जुना उभा पियानो, कित्येक वर्षं कोणाचा हात न लागलेला. ट्यूनिंग फोर्कशी ताडून पाहिलं, तर 440 हर्ट्झवर असायला हवा तो 'ला' हा स्वर 425 च्या आसपास येऊन बसलेला. म्हणजे पाव स्वराहूनही थोडा जास्तच उतरलेला. असा पियानो एका बैठकीत वर ओढायला मी सहसा तयार होत नाही. दोनशेहून अधिक तारा आणि सगळ्यांचा मिळून काही टनांचा ताण! एक बाजू चढवावी तोवर दुसरी उतरते, आणि तार गंजलेली असली की तुटायची भीती.

मी तसं सांगून पाहिलं. पण सिन्योरा, म्हणजे घरच्या मालकीणबाई, ऐकेनात. वय ऐंशीच्या पुढे, पाठ मात्र ताठ. म्हणाल्या, "पोरी, संध्याकाळी नात गाणार आहे. गुबितोसींचं गाणं. मी त्यांच्याकडे शिकलेय. आजच लागला पाहिजे."

हे नाव ऐकल्यावर मी नाही म्हणू शकले नाही.

एमीलिया गुबितोसी 1887 मध्ये याच शहरात जन्मल्या. पियानो शिकल्या तो बेनियामिनो चेझींकडे, आणि चेझी म्हणजे नामांकित पियानोवादक थालबर्गचे शिष्य. पण नुसतं वाजवून त्यांचं भागणार नव्हतं. सान पिएत्रो अ मायेल्ला कॉन्झर्वेटोरीत, म्हणजे इथल्या संगीत महाविद्यालयात, कंपोझिशनच्या (संगीतरचनेच्या) वर्गाचं दार मुलींना बंद होतं. त्यांनी विशेष परवानगी मिळवली आणि 1906 मध्ये त्या विषयाची पदवी घेतली. इटलीत ही पदवी घेणारी पहिली बाई. विशीही गाठलेली नव्हती! पुढे 1910 मध्ये 'नादा देल्विग' हा त्यांचा ऑपेरा रंगमंचावर आला.

मी आधी सगळ्या तारा ठरल्या सुरापेक्षा किंचित वर ओढून घेतल्या, कारण त्या पुन्हा खाली येणारच. मग प्रत्येक स्वराची एकच तार वाजावी म्हणून मधल्या सप्तकात फेल्टची पट्टी खोचली आणि बारीक काम सुरू केलं. दोन तारांच्या सुरांमधली लहर ऐकायला शांतता लागते, त्यामुळे सिन्योरा मी हातोडी (तारांच्या खुंट्या फिरवायची किल्ली) खाली ठेवली की तेवढ्यापुरत्या बोलायच्या. उंच सप्तकातली एक तार शेवटी तुटलीच. ती बदलेपर्यंत भरपूर गप्पा झाल्या.

संध्याकाळी नात आली. गाणं सुरू करणार, तोच आजीनं थांबवलं. "आधी सोल्फेज्जो." मुलीनं उजव्या हातानं मात्रा देत स्वरांची नुसती नावं म्हणायला सुरुवात केली. सूर नाही, फक्त लय. तबलजी बोलांची पढंत करतो, अगदी तसं. एका जागी मात्रा किंचित घसरली, तर आजीचं बोट टेबलावर आपटलं. पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं गुबितोसीबाईंच्या वर्गातून आलेलं. 1914 ते 1957, तब्बल 43 वर्षं त्यांनी त्याच कॉन्झर्वेटोरीत शिकवलं.

शिवाय पहिलं महायुद्ध संपता संपता पती फ्रान्को मिकेले नापोलितानो आणि इतर काही जणांना बरोबर घेऊन त्यांनी संगीतसंस्था उभी केली. जुन्या काळचे संगीतकार आलेस्सान्द्रो स्कार्लात्ती यांचं नाव धारण करणारी ती संस्था आजही नापोलीत मैफली भरवते. जुन्या नापोलीकर संगीतकारांच्या रचना बाईंनी पुन्हा लोकांसमोर आणल्या. आणि मला खरी चीड येते ती इथेच. दुसऱ्यांचं संगीत जपणाऱ्या बाईचं स्वतःचं संगीत कुणी वाजवायचं? पियानो कॉन्चेर्तो, वाद्यवृंदासाठीच्या रचना, कितीतरी गाणी. मी वर्षभर इथल्या सभागृहांतले पियानो लावत फिरते, कार्यक्रमपत्रिका नजरेखालून जातात. त्यांत हे नाव मला दिसलेलं नव्हतं. शिक्षिका आणि संस्थापक म्हणून आदर भरपूर, पण ज्या पदवीसाठी झगडल्या त्या कामाची आठवण कुणी काढत नाही.

पढंत मनासारखी झाल्यावर सिन्योरा स्वतः पियानोवर बसल्या. मुलीनं गाणं दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी मी पियानोच्या कुशीला उभी राहून नव्या तारेकडे कान लावला. ती थोडी उतरली होती. नवी तार उतरतेच. मी पुन्हा हातोडी काढली, तर सिन्योरा म्हणाल्या, "राहू दे आता. महिन्याभरानं ये, तेव्हा तिची दुसरी दोन गाणी बसलेली असतील."

पुढच्या महिन्याची तारीख तिथेच लिहून घेतली.