तांब्या हवेत, आणि तोही जलरंगात?

“मॅडम, तांब्या हवेत तरंगवायला शिकवता ते ठीक आहे, पण जलरंगात कशाला? ॲक्रेलिक द्या ना हातात. चुकलं तर वरून रंग मारता येतो.” मी अतिवास्तव स्थिरचित्र शिकवते, म्हणजे रोजच्या वस्तू हुबेहूब काढायच्या आणि त्यात एखादी अशक्य गोष्ट घालायची. आमच्या वर्गाचं प्रदर्शन लागलं की हा प्रश्न येतोच. पालक विचारतात, शाळांमधले कलाशिक्षक विचारतात, तैलरंगात काम करणारे माझे मित्र तर अगदी हटकून विचारतात. तिथे चहाचा कप हातात धरून उत्तर देणं जमत नाही, म्हणून आता इथे सविस्तर सांगते.

वरून रंग मारता येत नाही, म्हणूनच जलरंग.

अतिवास्तव स्थिरचित्र म्हटलं की नव्या विद्यार्थ्याला वाटतं, आता कल्पनेला मोकळं रान. पहिल्या आठवड्यात हमखास काय येतं ते मला पाठ झालंय: वितळलेलं घड्याळ, पंख फुटलेला डोळा, तडा गेलेला चेहरा आणि खाली बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी. या चारही गोष्टींना माझ्या वर्गात बंदी आहे. मग मी स्पॅनिश अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दालीचं ते वितळत्या घड्याळांचं चित्र दाखवते. १९३१चं. मुलांना वाटतं ते भिंतभर असेल. प्रत्यक्षात ते २४ सेंटिमीटर बाय ३३ सेंटिमीटर आहे, म्हणजे ए-फोर कागदाहून जेमतेम मोठं. आणि त्यातली घड्याळं बोटाने झाकून बघा. मागे उरतात ते स्पेनमधल्या कातालोनियाच्या किनाऱ्यावरचे कडे, दालीने लहानपणापासून पाहिलेले, संध्याकाळच्या उन्हातले, अगदी जसेच्या तसे. घड्याळं मऊ झाली हे आपण मानतो, कारण ते कडे खरे आहेत.

त्यामुळे वर्गाचा नियम असा: एका चित्रात एकच थाप, बाकी सगळं पंचनाम्याइतकं खरं. दोन थापा मारल्या की चित्र परीकथेत जातं आणि बघणारा निवांत होतो. त्याला निवांत होऊ द्यायचं नाहीये.

आता जलरंगाचं बघा. ॲक्रेलिकमध्ये मुलं आधी तांब्या रंगवतात, मग त्याला वर उचलावंसं वाटतं, मग खालची जागा पांढऱ्याने बुजवतात, मग सावली आठवते. थाप शेवटी सुचते आणि ती शेवटी चिकटवल्यासारखीच दिसते. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. उजेड कुठून येतो, कुठला भाग कोरा राहणार, सावली कुठे पडणार, हे ब्रश ओला करायच्या आधी ठरवावं लागतं. हळदणकरांचं ते दिवा हातात घेतलेल्या मुलीचं चित्र आठवा, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. पुष्कळ लोक अजूनही ते रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. ते आहे सावळाराम हळदणकरांचं, आणि कागदावरच्या जलरंगातलं. दिव्याचा तो उजेड वरून लावलेला नाही. त्यासाठी कागद राखून ठेवावा लागतो. मुलांना हे कळलं की ती जरा घाबरतात. मला ती भीती हवी असते.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवते सावलीवर, कारण थाप पकडली जाते ती तिथेच.

एक कांदा काळ्या दोऱ्याने बांधायचा. टेबलावर पांढरा कागद, बाजूला वर टेबललॅम्प, खोलीतले बाकीचे दिवे बंद. कांदा कागदावर टेकलेला असतो तेव्हा त्याची सावली बुडाला चिकटलेली असते आणि तिथे ती सगळ्यात गडद, रेखीव कडेची. आता दोरा हळूहळू वर ओढायचा. सावली कांद्यापासून सुटते, बाजूला सरकते, मोठी होते, फिकी होते आणि तिच्या कडा विरघळायला लागतात. लॅम्प बंद करून मोठ्या खिडकीच्या उजेडात हेच केलं तर कांदा थोडा वर गेला की सावली जवळपास नाहीशीच होते. म्हणजे वस्तू किती उंच तरंगते आहे हे वस्तू सांगतच नाही, तिची सावली सांगते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शाळकरी मुलांच्या सरकारी चित्रकला परीक्षा दिलेल्या असतात, अ श्रेणी मिळवलेली असते. पण टेकलेल्या वस्तूचीच सावली काढायची सवय असल्यामुळे ते तरंगता कांदा काढतात आणि सावली तीच, बुडाखालची, काळीशार देतात. कांदा धपकन खाली पडतो.

आणि इथे जलरंग आपल्या बाजूने उभा राहतो. टेकलेल्या वस्तूची सावली कोरड्या कागदावर, भरलेल्या ब्रशने, एका दमात. कड आपोआप रेखीव येते. तरंगत्या वस्तूसाठी सावलीच्या जागेपेक्षा बराच मोठा भाग स्वच्छ पाण्याने भिजवायचा, पाण्याची चकाकी उतरू लागेपर्यंत थांबायचं आणि मग रंग सोडायचा. लवकर सोडला तर तो पानभर पसरतो. उशीर झाला आणि त्यात वरून पाणी टेकवलं, तर कडा फाटलेले डाग उमटतात, ते पुसले जात नाहीत. मधल्या त्या थोड्या वेळात सोडलेला रंग जसा विरतो, तशी मऊ कड तैलरंगात आणायला तासभर ब्रश घासावा लागेल. सावलीला ट्यूबमधला काळा वापरायचा नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळले की थंड किंवा ऊबदार, हवा तसा करडा मिळतो.

आकाराची थाप याहून अवघड. बेल्जियमच्या रेने माग्रित या चित्रकाराने १९५२ साली एक हिरवं सफरचंद रंगवलं, खोलीच्या छतापर्यंत भिडलेलं. त्याच वर्षी एका शयनगृहात पलंगावर उभा केलेला माणसाएवढा कंगवाही. मुलांना हे फार आवडतं. लगेच एक भला मोठा तांब्या काढतात आणि शेजारी छोटी माणसं. पण तांब्याचं तोंड वरून दिसतंय, आतलं पाणीसुद्धा दिसतंय. मग तांब्या होता तेवढाच राहतो आणि माणसं खेळण्यातली होतात. म्हणून मी तांब्या कपाटावर ठेवते आणि सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवते. तोंडाची लंबगोल रेघ आता वर फुगते, आतलं काहीच दिसत नाही, बूड अंगावर आल्यासारखं वाटतं. डोळ्यांची पातळी कुठे आहे हे एकदा बदललं की घासायच्या काथ्याचं डोंगर होणं फार लांब नसतं.

स्टीलचा डबा हा माझा सगळ्यात लाडका विषय. स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, समोरचं सगळं तो पोटात घेतो: खिडकी, ट्यूबलाइट, रंगवणाऱ्याचं डोकं. डबा जसा आहे तसा रंगवायचा, झाकण, कडी, टेबलावरचा चुरगळलेला कपडा, सगळं. फक्त पोटातलं प्रतिबिंब बदलायचं. एका मुलीने त्यात भरतीचा समुद्र घातला, आणि तोही डब्याच्या गोलाईप्रमाणे वाकवून. लोक त्या चित्रापुढून आधी सरळ निघून जायचे, मग दोन पावलं मागे यायचे.

पारदर्शकपणाबद्दल थोडंच सांगते. लिंबाच्या आरपार पिंपळपान दाखवायचं तर खालचा थर पूर्ण वाळलेला हवा आणि न उठणारा हवा. पेटीतला प्रशियन ब्लू कागदाला डाग धरतो, त्यावर वरचा थर बिनधास्त द्या. अल्ट्रामरीन मात्र ओल्या ब्रशने परत उठतो, तिथे एकच हात फिरवायचा. आणि कागद जाड, तीनशे जीएसएमचा घ्या. पातळ कार्ट्रिज कागदावर हे सगळं करायला गेलात तर कागदाच्या लाटा होतात. पावसाळ्यात तर मी हा धडा घेतच नाही. जुलैत थर वाळता वाळत नाही, आणि हेअर ड्रायरच्या घरघरीत शिकवणं मला जमत नाही.

“पण हे सगळं परदेशी नाही का?” असंही विचारतात. चित्रकार प्रभाकर बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावला जन्मले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. पान, घड्याळ, फळ असल्या रोजच्या वस्तू त्यांनी अशा मोकळ्या जागेत ठेवल्या की त्या एकमेकींशी काय बोलताहेत याचा आपण विचार करत राहतो. वापरलं काय, तर इनॅमल, म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात तो चकचकीत रंग. त्यांच्यावर अतिवास्तववादी असा शिक्का मी मारणार नाही. पण वस्तू टेबलावरून सुटली तरी चित्र कोसळत नाही, हे मुलांना दाखवायला मला पॅरिसला जावं लागत नाही.

राहिला पालकांचा खास प्रश्न: याचा इंटरमिजिएटला उपयोग होईल का? निरीक्षणाचा होईल, सावलीचा होईल, कागद राखण्याचा तर नक्की होईल. पण स्थिरचित्राच्या पेपरला समोर जी मांडणी असेल तीच काढायची असते. तिथे तांब्या टेबलावरच ठेवायला सांगा.