कुरुंद आपल्याकडनंच गेलाय ओ

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शॉपमध्ये नवीन ग्राइंडिंग व्हील, म्हणजे लोखंड घासायची चाकं, आली की पोरं खोक्यावरचं ‘कोरंडम’ वाचतात आणि मला विचारतात, काका, मराठीत ह्याला काय म्हणायचं. म्हणजे हा शब्द इंग्रजांनी दिलाय असं धरूनच चालतात. उलटं आहे बघा. तमिळमध्ये कुरुंदम, तेलुगूत कुरुविंदम, संस्कृतात कुरुविंद आणि आपल्यात कुरुंद, हे नाव युरोपातल्या लोकांनी इथनं दगडासकट नेलं, आणि 1798 साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत ह्या दगडावर निबंध मांडला तेव्हा आपलंच नाव थोडं वाकवून त्यांनी वापरलं. कर्नाटकात म्हैसूरकडच्या भागात हा दगड मिळतो, म्हणजे लांबचा माल पण नाही.

कुरुंद म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड. खनिजांचा कडकपणा 1 ते 10 मध्ये मोजतात त्या मोह्ज स्केलवर 9, त्याच्या वर फक्त हिरा. शुद्ध असला तर बिनरंगी, जरासं क्रोमियम मिसळलं की माणिक, लोखंड आणि टायटॅनियम मिसळलं की नीलम. म्हणजे अंगठीतला खडा आणि बेंच ग्राइंडरवरचं गुलाबी व्हील, दोन्ही एकाच घरातले.

मला तर वराहमिहिराचं लई नवल वाटतं. सहाव्या शतकातला माणूस, आणि बृहत्संहितेत सांगतो की पद्मराग म्हणजे माणिक सौगंधिक, कुरुविंद आणि स्फटिक ह्यांच्यापासनं होतं. स्फटिकाचं जाऊ दे, पण माणकाचं नातं कुरुविंदाशी आहे हे लॅब नसताना, नुसतं खाणीतले दगड बघून, कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, ह्याचं कौतुक करायलाच पाहिजे.

संस्कृतात कुरुविंद म्हणजे नागरमोथा पण आहे, अमरकोशात मुस्ता म्हणून येतो. शेतात उपटून उपटून कंटाळा येतो तो लव्हाळा. तेव्हा जुन्या औषधाच्या पोथीत कुरुविंद दिसला की दगड कुटायला घेऊ नका.

दगडाचं खरं काम शिकलगारांनी, म्हणजे धार लावणाऱ्यांनी, केलं. लाख वितळवायची, त्यात कुरुंदाची पूड मळायची, गोल चकती करून आसावर बसवायची आणि एकानं पट्टा पुढंमागं ओढायचा, दुसऱ्यानं पातं धरायचं. आजच्या व्हीलमध्ये लाखेच्या जागी भट्टीत भाजलेली माती नाहीतर रेझिन असतं, बाकी तत्त्व तेच, कडक दाणे आणि त्यांना धरून ठेवणारं काहीतरी.

घासायला वापरतात ती एमरी वेगळी. ती ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरची प्रसिद्ध, कुरुंदात मॅग्नेटाइट मिसळलेलं असतं म्हणून काळी आणि वजनदार.

आणि कार्बोरंडममध्ये तर कुरुंद अजिबात नाही! अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनला भट्टीत चकाकते कडक कण मिळाले, त्याला वाटलं कार्बन आणि कुरुंदाचं मिश्रण झालंय, म्हणून दोन्ही नावं जोडली, पेटंट 1893 चं. निघालं सिलिकॉन कार्बाइड. नाव मात्र तसंच राहिलं, आणि त्याच्यामुळं आमच्याकडं रोज गोंधळ होतो. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कास्टिंगला काळं कार्बोरंडमच घ्या, कुरुंदाचं व्हील बिडावर लवकर गुळगुळीत होतं आणि नुसतं तापतं, कापत नाही. स्टीलचं टूल असेल तर कुरुंदाचं, पांढरं नाहीतर गुलाबी.