झाली का?

बाळंतिणीच्या घरात सकाळी चहाआधी एकच चौकशी असते, "झाली का?" कोणाची आणि काय, हे सांगावं लागत नाही. बहीण बाळंतपणाला अमळनेरला माहेरी आल्यापासून आमच्याकडे पेपर नंतर उघडतो, आधी लंगोट.

पहिल्या दिवशीची काळीकुट्ट, चिकट, पुसता पुसेना अशी शी बघून दाजी गारच पडले. आजी मात्र खूश, "पोट मोकयं व्हयनं!" डॉक्टरांचंही तेच. ती पहिल्या २४ तासांत, फार तर ४८ तासांत व्हायलाच हवी. मग दूध उतरेल तशी ती हिरवट होत जाते आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास थेट पाटोड्यांसाठी कालवलेल्या बेसनावर येते, वर पांढुरके दाणे. दाजींनी तेव्हापासून पाटोड्या सोडल्यात.

सुरुवातीला दर पाजण्यामागे एक लंगोट. जुलाब नव्हेत ते. दूध पोटात पडलं की आतडं हलतं, एवढंच. महिना-दीड महिना झाला की काही बाळांचं उलटंच होतं, चार-चार दिवस पत्ता नाही. मग गल्ली जमते. कोणी एरंडेलात बुडवलेलं विड्याच्या पानाचं देठ सुचवतं, कोणी सहाणेवर गुटी उगाळायला बसतं. आईच्या दुधाचा चोथा फारसा उरतच नाही हो! बाळ नीट पितंय, दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला करतंय आणि शेवटी झालेली शी मऊ आहे, तर लालबुंद होऊन कुंथलं तरी तो बद्धकोष्ठ नव्हे. देठ पानपुड्यातच बरं. आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटीही नको.

एक दिवस हिरवी झाली तर खापर भरतावर. बाळंतिणीने हिरव्या मिरच्यांचं भरीत खाल्लं ना! मिरचीला दोष कशाला? पित्तच मुळात हिरवट असतं.

गंमत म्हणजे हिरव्याचा एवढा बोभाटा करणारं घर पांढऱ्यापुढे गप्प असतं. "दुधावरचंच पोर, पांढरी होणारच." खरी धास्ती घ्यायची ती इथे. शी पांढरी, राखाडी किंवा फिकट मातकट म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात पोचत नसावं. जोडीला कावीळ दोन आठवडे उलटूनही उतरली नसेल, लघवी गडद पिवळी असेल, तर मुळीच थांबू नये. पित्तनलिका बंद असेल तर ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत झालेलं चांगलं. शीमध्ये रक्त दिसलं, किंवा पोट फुगून हिरवी उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. ट्यूबच्या उजेडात फिकट रंग फसवतो. शंका आली की लंगोट अंगणात उन्हात धरायचा, आणि न धुता तसाच पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायचा.