आत्ता टोचलं

खुर्चीत बसल्या बसल्याच बाई म्हणाल्या, “सिस्टर, एक सांगू? उगाच घाबरत होते मी. अजिबात टोचत नाही हो. कळतसुद्धा नाही.”

नाशिकच्या एका मधुमेह क्लिनिकमध्ये मी अकरा वर्षं डायबेटिस एज्युकेटर आहे. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं की पेशंट माझ्या टेबलाशी येतो आणि ते घरी कसं घ्यायचं हे मी शिकवते. पूर्वी येणारे बहुतेक इन्सुलिनवाले असत, आणि तोंड पाडून येत. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही, दोन्ही वजन उतरवणारी इंजेक्शनं, मौंजारो मधुमेहावरही चालणारं, आणि इंजेक्शन घ्यायला हौसेने येणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. मौंजारो आधी कुपीत मिळायचं, ऑगस्टपासून पेन आलं, म्हणजे औषध आधीच भरलेली, पेनासारखी दिसणारी सिरिंज. आठवड्याला एक डोस, एका पेनात चार.

बाई सिन्नरकडच्या शाळेत शिकवतात. वय सेहेचाळीस, मधुमेहाला सहा वर्षं झालेली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या चालू. पहिलं पेन संपवून त्या आल्या होत्या. सुरुवातीचं वजन ८८.४, आजचं ८८.६. आमच्या डॉक्टर सरांना त्यात काही खटकलं नाही, आणि खटकावं असं काही नव्हतंही. अडीच मिलिग्रॅमचा डोस शरीराला सवय लावण्यापुरता असतो. चार आठवडे अडीच, मग पाच, हा ठरलेला क्रम. सरांनी पाचचं पेन लिहिलं आणि फाइल माझ्याकडे सरकवली. मी फक्त ‘घेता येतंय ना?’ विचारायचं आणि रकान्यात टिक करायची.

टोचत नाही, हे मी रोज ऐकते. सुई चार मिलिमीटरची, शिवणाच्या सुईपुढे काहीच नाही. पण चारही वेळा कळलंसुद्धा नाही?

“मळमळ वगैरे?”

“छे.”

“भूक कमी झाल्यासारखी?”

“परवाच सहलीत मिसळीबरोबर चार पाव खाल्ले.”

मळमळ प्रत्येकाला होतेच असं नाही. तरीही मी ड्रॉवरमधून डेमो पेन आणि स्पंज काढला. या स्पंजला आमच्याकडे नकली पोट म्हणतात. म्हटलं, “बाई, घरी घेता तसं एकदा घेऊन दाखवा.”

त्या उठल्या, बेसिनवर साबणाने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट. पेनाचं रबर स्पिरिटच्या कापसाने पुसलं. नव्या सुईचा कागद सोलून ती सरळ फिरवून बसवली. बाहेरची टोपी काढून बाजूला ठेवली. मी मनात शंभरपैकी शंभर देऊन मोकळी. मग त्यांनी डोस फिरवला, पेन स्पंजवर काटकोनात टेकवलं, बटण दाबलं आणि वर्गात पाढे म्हणावेत तसं मोठ्याने दहापर्यंत मोजलं. खिडकीत शून्य आलं.

पेन उचललं तेव्हा स्पंजवर पाण्याचा डाग पसरला होता. सुईवरची आतली टोपी जागच्या जागी होती.

पेनाच्या सुईला दोन टोप्या असतात. बाहेरची मोठी, आणि तिच्या आत सुईला बिलगून बसलेली एक बारीक नळी. ती नळी काढल्याशिवाय सुई दिसतच नाही. बाईंना वाटत होतं की नळी म्हणजेच सुईचं संरक्षण, दाबलं की आपोआप मागे जाईल. हे त्यांनी मनाने काढलेलं नव्हतं. त्यांचे वडील मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात होते तेव्हा सिस्टर अशाच न दिसणाऱ्या सुईने इन्सुलिन द्यायची. तशा सुया असतात, त्यांचं आवरण दाबल्यावर खरंच मागे सरकतं. हॉस्पिटलात ती सुई बघायची, घरी साधी वापरायची आणि आतली टोपी तशीच ठेवायची, या गफलतीबद्दल अमेरिकेत २०१७ मध्येच सावध केलं गेलं होतं. मी ते वाचलेलं होतं.

“पोट ओलं नाही व्हायचं?”

“व्हायचं की. थोडं बाहेर येतच असेल म्हणून मी कापसाने पुसून घ्यायचे.”

आणि थेंब? प्रत्येक डोसच्या आधी दोन क्लिक फिरवून बटण दाबायचं, सुईच्या टोकाला थेंब आलेला डोळ्यांनी बघायचा आणि मगच डोस. हे मी सांगितलं होतं. बाईंनी ते मुद्दाम गाळलेलं. “तेरा-चौदा हजारांचं पेन, सिस्टर. त्यातलं हवेत कशाला उडवायचं?” त्या थेंबांचा हिशेब पेन भरतानाच धरलेला असतो. चार डोस झाल्यावरही आत थोडं उरतं ते त्यामुळेच, आणि ते फेकायचंच असतं. बाई पहिल्या रविवारी त्या थेंबाची वाट बघत बसल्या असत्या, तर थेंब का येत नाही म्हणता म्हणता टोपी हाताला लागली असती.

मी फाइल मागे उलटली. पहिल्या भेटीच्या पानावर, ‘तंत्र समजावले, पेशंटला समजले’ या ओळीपुढे माझी टिक. तो सोमवार मला आठवतो, बाहेर बसायला जागा नव्हती. मी भराभर दाखवलं, बाईंनी मान हलवली. त्यांच्याच वर्गात एखादं पोर अशी मान हलवेल, तर त्या त्याला फळ्याशी उभं करतील.

सरांकडे परत गेले. आता प्रश्न वाया गेलेल्या चौदा हजारांपेक्षा मोठा होता. बाईंच्या अंगात औषध गेलेलंच नव्हतं. कागदावर त्या पाचला तयार होत्या, शरीर कोरं होतं. मी टोपी काढायला शिकवून पाचचं पेन हातात दिलं असतं, तर त्यांचा आयुष्यातला पहिला डोस दुप्पट झाला असता. उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी कमी होणं, वर ग्लिमेपिराइडमुळे साखर धाडकन खाली. सरांनी पाच खोडून अडीच केलं, ग्लिमेपिराइड निम्मी केली, आणि मला म्हणाले, “आज इथेच घेऊ दे. तू हात लावू नकोस.”

बाई खालच्या मेडिकलमधून पेन घेऊन आल्या. या वेळी मी खरोखर हात मागे बांधून उभी होते. बाहेरची टोपी काढली, आतली काढली. उघडी सुई बघून त्या जरा थांबल्या. दोन क्लिक, बटण, आणि टोकाला थेंब चमकला. बेंबीपासून दोन बोटं सोडून उजवीकडे पेन टेकवलं.

“आई गं!” आणि लगेच हसल्या. “आत्ता टोचलं.”

मग मी सुयांचं विचारलं. चारही सुया कागदात गुंडाळून घंटागाडीत गेलेल्या. आतल्या टोप्या न काढल्याने निदान कुणाच्या हातात घुसल्या नसतील, हा या प्रकरणातला एकमेव फायदा. त्यांना फिनाइलची रिकामी जाड बाटली वापरायला सांगितलं. ती भरली की झाकण लावून आमच्याकडे आणायची, ती आमच्या सुयांच्या पांढऱ्या डब्याबरोबर जाते. पोटात जोरात दुखून कळ पाठीकडे गेली, किंवा पाणीही पोटात ठरेना झालं, तर रविवारची वाट न बघता फोन करायचा, हेही लिहून दिलं. मराठीत. कंपनीचं पत्रक इंग्रजीत होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पेनवाल्या पेशंटच्या फाइली काढल्या. सतरा निघाल्या, सगळ्यांवर माझी टिक. एकेकाला फोन लावला आणि ‘घेता येतंय ना?’ हा प्रश्न टाळून ‘काय काय करता, ते क्रमाने सांगा’ म्हटलं.

बहुतेकांचं ठीक होतं. ओझरचे एक काका पेन बर्फाच्या कप्प्यात ठेवत होते, जितकं गार तितकं टिकाऊ म्हणून. एकदा गोठलेलं पेन वितळलं तरी वापरायचं नसतं, हे ऐकून ते माझ्यावरच चिडले. एक आयटीवाला सुई पेनाला तशीच लावून ठेवत होता, पुढच्या आठवड्यासाठी. आणि पंचवटीतल्या एक ताई अगदी बिनचूक बोलत होत्या. हात धुतात, आतली टोपी काढतात, थेंब बघतात, जागा दर वेळी बदलतात. मी खूश होऊन फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आणि सुई आमची दोघींची वेगळी हं.”

“दोघींची म्हणजे?”

“मी आणि जाऊबाई. एका पेनात दोघींचं भागतं.”

पेन एकाचंच असतं, सुई बदलली तरी रक्ताचा अंश मागे आत शिरू शकतो, हिपॅटायटिससारखे आजार त्यातून जातात, असं सगळं मी एका दमात सांगितलं. शिवाय जाऊबाईंना ते कुणी लिहून दिलं, थायरॉइडची गाठ, पित्ताशयाचे खडे, काही तपासलं का? पलीकडे शांतता. म्हटलं, सोमवारी दोघीही या, आणि ते पेन घेऊन या, मला बघायचंय.

“या सोमवारी नको ना, मॅडम,” ताई म्हणाल्या. “पेन आत्ता जाऊबाईंसोबत माहेरी गेलंय.”